तीस वर्षांनी सापडलेले मेंडोलिन

(मंडळाच्या गणेशोत्सवात ‘माझा छंद’ या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि ती पुरतील असे त्यांना वाटते. मी बोलणारा माणूस नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेच्या पी-वे खात्यात लागलो. आमचे बोलणे म्हणजे गँगला दिलेल्या सूचना आणि ब्लॉक का लांबला याचा वर दिलेला खुलासा. तेव्हा आजचे भाषणही खुलाशासारखेच होईल. खरे तर तो खुलासाच आहे, आणि तो याच मांडवात द्यायचा होता. ज्या मांडवात चूक झाली तिथेच ती सांगावी.

टेबलावर काळ्या कापडात गुंडाळलेली जी वस्तू आहे, ते मेंडोलिन आहे. ते पाठीवर न ठेवता उशीवर का ठेवले आहे, हे पुढे कळेल.

आमच्या पिढीच्या लोकांना आपल्या हुडकोच्या गणपतीतला ऑर्केस्ट्रा आठवत असेल. एक पेटी, एक तबला, एक बोंगो, गाणारे चार, त्यातले दोन सुरात. आणि डाव्या कोपऱ्यात खुर्चीवर बसून मेंडोलिन वाजवणारे काका. त्यांचे नाव मी सांगत नाही. ते हयात आहेत आणि त्यांना असे चारचौघांत नाव घेतलेले आवडत नाही. आम्ही मुले त्यांना मेंडोलिनकाका म्हणायचो. प्लांटमध्ये फिटर होते, मूळचे वर्धा जिल्ह्यातले. पहिल्या पाळीहून आले की अंघोळ करून, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून तालमीला हजर.

त्यांच्याकडचे मेंडोलिन रशियन होते. भिलाईत राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. पोलाद कारखान्याचा करार १९५५ सालचा, पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि त्या काळात व नंतरही कितीतरी रशियन तज्ज्ञ सहकुटुंब इथे राहून गेले. जाताना कुणी इस्त्री देऊन गेले, कुणी कॅमेरा, कुणी समोवर. काकांना त्यांच्या शॉपमधल्या एका रशियन साहेबाने हे मेंडोलिन दिले. तो साहेब रविवारी ते वाजवायचा आणि काका ऐकायला जाऊन बसायचे. भाषा दोघांनाही एकमेकांची येत नव्हती. जाताना त्याने ते सरळ काकांच्या हातात ठेवले. गोल भोकातून आत डोकावले की रशियन अक्षरांतली चिठ्ठी दिसायची: लेनिनग्राड, लुनाचार्स्की कारखाना, आणि खाली रुबलमध्ये किंमत. सोव्हिएत वाद्यांवर किंमत कारखान्यातच छापून येत असे. हा लुनाचार्स्की वाद्ये बनवणारा नव्हे, क्रांतीनंतरच्या सरकारातला शिक्षणाचा प्रमुख. त्याचे नाव कारखान्याला दिले होते.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मेंडोलिनला आठ तारा असतात, पण सूर चारच. प्रत्येक सुराला दोन तारांची जोडी. तारा लावायच्या त्या थेट व्हायोलिनच्या सुरांत. आपल्या पेटीवर सांगायचे तर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. हाताने छेडले की सूर लगेच विझतो. म्हणून प्लॅस्टिकच्या नखीने तार वरखाली इतक्या भरभर छेडायची की ऐकणाऱ्याला एकच लांब, थरथरता सूर वाटावा. मूळ वाद्य इटलीतले, नेपल्सचे. तिथली जुनी पद्धत म्हणजे पाठ भोपळ्यासारखी गोल, लाकडाच्या पातळ पट्ट्या एकीला एक जोडून केलेली. आपल्याकडे दुकानांत मिळते ते बहुधा सपाट पाठीचे. काकांचे मात्र गोल पाठीचे होते. मला ते उलटे धरलेल्या होडीसारखे वाटायचे.

काका तालमीच्या मध्यंतरात आम्हा पोरांना गोष्टी सांगायचे. त्यात एक गोष्ट ठरलेली असायची, लक्ष्मीकांत कुडाळकरांची. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले लक्ष्मीकांत. १९३७ साली ३ नोव्हेंबरला, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी जन्मले म्हणून नाव लक्ष्मीकांत. मुंबईत विलेपार्ल्याच्या गरीब वस्तीतला मराठी मुलगा, वडील लहानपणीच गेले, घर चालवायला हातात मेंडोलिन घेतले. दहा वर्षांचे असताना कुलाब्याच्या रेडिओ क्लबमधल्या लताबाईंच्या कार्यक्रमात ते मेंडोलिन वाजवत होते आणि कार्यक्रमानंतर लताबाईंनी त्यांना बोलावून चौकशी केली. पुढे मंगेशकरांच्या सुरील कला केंद्रात प्यारेलाल भेटले. एकाच्या हातात मेंडोलिन, दुसऱ्याच्या हातात व्हायोलिन, आणि दोन्ही वाद्यांच्या तारा एकाच सुरांत लावलेल्या. १९६३ साली ‘पारसमणी’ आला. काका म्हणायचे, “हे पोरगं आपल्यातलंच आहे, लक्षात ठेवा.” सज्जाद हुसेन यांचे नावही मी पहिल्यांदा काकांच्याच तोंडून ऐकले. ‘संगदिल’ आणि ‘रुस्तम सोहराब’चे संगीतकार, सीतामऊचे, म्हणजे आपल्या जुन्या मध्य प्रदेशातलेच. ते मेंडोलिनवर शास्त्रीय राग वाजवत. पडदे असलेल्या, सूर लगेच विझणाऱ्या वाद्यावर मींड काढायची म्हणजे काय, हे मला फार उशिरा समजले.

आता मूळ मुद्दा. हे साल १९९२. मी तेरा वर्षांचा. गणपतीचा चौथा की पाचवा दिवस असेल. आरती सुरू झाली आणि ऑर्केस्ट्रावाले सगळे पुढे गेले. मी स्टेजच्या मागे राहिलो. मेंडोलिन खोक्यातून काढलेलेच होते, काकांच्या खुर्चीवर. मी ते उचलले, मांडीवर धरले, एकदा छेडले. आरतीच्या टाळांत कुणाला ऐकू जाणे शक्य नव्हते. तेवढ्यात कुणाची तरी चाहूल लागली आणि मी ते घाईघाईने जवळच्या टेबलावर ठेवले. पाठीवर. गोल पाठीची वस्तू सपाट टेबलावर राहत नाही, ही अक्कल तेव्हा नव्हती. ते एकदा डोलले, दुसऱ्यांदा डोलले आणि घरंगळून सिमेंटवर पडले. आठही तारा एकदम वाजल्या. तो आवाज मी आजही विसरलो नाही.

उचलून पाहिले तर पाठीवर, मानेच्या जवळ, बोटभर लांबीची चीर. मी ते खोक्यात घातले, खोके लावले आणि पुढे जाऊन मोठमोठ्याने आरती म्हणू लागलो. आईला वाटले पोरगा भक्तिभावाने गातो आहे.

त्या रात्री काकांनी नेहमीसारखेच वाजवले. काही बोलले नाहीत. मला वाटले, त्यांना दिसले नाही. पण पुढच्या वर्षी, १९९३ च्या गणपतीत, डाव्या कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. मी एका दादाला विचारले, तर तो म्हणाला, “काकांनी मेंडोलिन विकलं. खराब झालं होतं म्हणे.” बस्. एवढे एक वाक्य. ते मी तीस वर्षे बाळगले. वडिलांना सांगितले नाही, मित्रांना सांगितले नाही, लग्नानंतर बायकोला सांगितले नाही. पुढे काकांची बदली झाली नाही, पण निवृत्तीनंतर ते मुलाकडे पुण्याला गेले. मी त्यांच्या निरोपाच्या कार्यक्रमालाही गेलो नाही. ड्यूटी होती असे सांगितले. ड्यूटी नव्हती.

नोकरी लागल्यावर पहिल्यांदा कलकत्त्याला गेलो तो २००३ साली. लालबाजारापासून चितपूर रोडच्या तोंडापर्यंत वाद्यांच्या दुकानांची रांगच्या रांग आहे. तिथून चौदाशे रुपयांना एक नवे मेंडोलिन आणले. दिसायला देखणे, पण वर चढत गेले की बेसूर. शेवटी व्हर्नियर घेऊन मोजले. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर हवा. तिथे दोन मिलिमीटरचा फरक! रुळांचे अंतर १६७६ मिलिमीटर असते आणि तिथे दोन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तर गाडी खुशाल जाते. मेंडोलिनमध्ये अर्ध्या मिलिमीटरला कान दुखतो. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच बसते, हे कळल्यावर ती सरकवून फरक थोडा कमी केला. पण पडदेच चुकीच्या जागी ठोकलेले असतील तर घोडी काय करणार? तरी त्यावरच शिकलो. मला येणारी सारी गाणी त्या बेसूर वाद्यावर बसवलेली आहेत, त्यामुळे माझ्या वाजवण्यात काही दोष असतील तर ते चितपूर रोडचे समजावे.

आणि तेव्हापासूनच शोध सुरू झाला. मला जुने मेंडोलिन हवे होते असे मी सगळ्यांना सांगायचो. खरे म्हणजे जुने कुठलेही नको होते. तेच हवे होते, चीर असलेले.

काकांनी ते दुर्गच्या एका बँडपार्टीला विकले होते, एवढे एका म्हाताऱ्या तबलजीकडून कळले. बँडवाल्याचा मुलगा म्हणाला, वडिलांनी १९९८ च्या सुमारास राजनांदगावच्या कुणा ऑर्केस्ट्रावाल्याला दिले. नाव आठवत नाही. मग मी रेल्वेवाल्यांच्या पद्धतीने शोध घेतला, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर, प्रत्येक गँगमध्ये सांगून ठेवले. इथे बसलेले माझे सहकारी हसत आहेत, कारण “साहेब, तुमचा बाजा मिळाला का?” हे वाक्य आमच्या सेक्शनमध्ये ‘राम राम’च्या जागी वापरले जायचे. एकदा एका कीमनने मोठ्या आनंदाने फोन केला, “साहेब, मेंडोलिन मिळालं, पक्कं.” ब्लॉक संपवून रात्री तसाच गेलो. तो बँजो निघाला. म्हणजे तोसुद्धा अमेरिकन बँजो नव्हे, आपल्या मिरवणुकांत वाजतो तो, टाइपरायटरसारख्या कळांचा बुलबुलतरंग. त्याला आपण बँजो का म्हणतो कुणास ठाऊक. पण कीमन एवढ्या आशेने बघत होता की मी पाच मिनिटे तेही वाजवून पाहिले.

आणखी एकदा फसलो, ते माझ्याच मूर्खपणाने. एका मोठ्या शहरातल्या दुकानदाराने गोल पाठीचे, ‘शंभर वर्षांपूर्वीचे इटालियन’ म्हणून अकरा हजारांना गळ्यात मारले. घरी आणून आरसा घालून आत पाहिले तर आतून प्लायवूड. ते अजून माळ्यावर आहे. बायको दर दिवाळीला त्याचा उल्लेख करते.

मधल्या काळात वाचत होतो, ऐकत होतो. यू. श्रीनिवास यांनी विजेवरच्या मेंडोलिनवर कर्नाटक संगीत उभे केले. त्यांच्या वाद्यावर जोड्या नव्हत्या, पाच सुट्या तारा होत्या. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१४ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. अमेरिकेतल्या बिल मन्रोची गोष्ट तर मी नोकरीवर कितीतरी जणांना सांगितली आहे. या माणसाला १९४० च्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानात खिडकीत ठेवलेले मेंडोलिन दिसले, ते त्याने दीडशे डॉलरना घेतले. गिब्सन कंपनीचे, आत ९ जुलै १९२३ ही तारीख आणि लॉइड लोर या तंत्रज्ञाची सही. आज त्या सहीची मेंडोलिने शोधत लोक जगभर फिरतात. १९८५ साली कुणीतरी मन्रोच्या घरात शिरून शेकोटीच्या लोखंडी सळीने ते मेंडोलिन फोडले. अक्षरशः चिंध्या. कंपनीच्या कारागिरांनी एकेक तुकडा जुळवून ते पुन्हा उभे केले आणि मन्रो त्यावर पुढे अनेक वर्षे वाजवत राहिला. हे वाचले त्या रात्री मला नीट झोप लागली. फुटलेले जोडता येते, आधी ते सापडायला हवे एवढेच.

सापडले २०२२ साली, गोंदियात. आमच्याच एका सहकाऱ्याच्या सासुरवाडीच्या गल्लीत. राजनांदगावचा तो ऑर्केस्ट्रावाला पुढे गोंदियाला स्थायिक झाला होता, आणि त्याला जाऊनही काही वर्षे झाली होती. घरी त्यांच्या पत्नी, वय सत्तरीचे, पापड-कुरडयांचा व्यवसाय करणाऱ्या. कपाटावरून खोके काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. उघडले तर वर विजेची बिले, रेशनकार्ड, देवाच्या फोटोची फुटकी काच, आणि खाली मेंडोलिन. तारा गंजलेल्या. मी ते उलटे केले. मानेच्या जवळ, बोटभर लांब चीर, त्यावर पिवळट डिंकासारखे काहीतरी फासलेले. आत चिठ्ठीचा अर्धा भाग वाळवीने नेला होता, पण लेनिनग्राडची पहिली चार अक्षरे शाबूत होती.

मी काही बोललो नाही. बोललो असतो तर आवाज फुटला असता. पण त्या बाईंनी ओळखले. त्या म्हणाल्या, “भंगारवाला तीनशे देत होता. तुम्ही किती देता?” मी म्हणालो, “दोन हजार.” त्या म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही दुर्गहून रजा टाकून आलात, सोबत दोन माणसं आणली, आणि चहा गार झाला तरी तुमचं लक्ष नाही. दोन हजारांची वस्तू नाही ही.” सात हजारांवर सौदा ठरला. वर दोन किलो पापड मी स्वतःच घेतले. बाहेर पडताना त्या दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, “आमचे हे त्याला गिटारच्या तारा लावायचे. मेंडोलिनच्या मिळत नाहीत म्हणत.” तेव्हा मी या वाक्याकडे लक्ष दिले नाही.

दुरुस्तीला कुठे न्यावे हा प्रश्न होता. आपल्याकडे हार्मोनियम दुरुस्त करणारे आहेत, पण गोल पाठीचे तंतुवाद्य कोण हाताळणार? मग सुचले, गोल पाठीचे तंतुवाद्य म्हणजे तानपुरा. आणि तानपुरा म्हणजे मिरज. गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस सुटते, ती वर्धा, भुसावळ, मनमाड, पुणे करत थेट मिरजेवरूनच कोल्हापूरला जाते. जणू कुणी माझ्यासाठीच टाइमटेबल केले होते. २०२३ च्या जानेवारीत आठ दिवसांची रजा टाकली. सगळा प्रवास मेंडोलिन मांडीवर.

मिरजेत तंतुवाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात राजांची शस्त्रे गेली आणि या लोकांनी सतार-तानपुऱ्याकडे हात वळवला; फरीदसाहेब हे त्यांचे मूळ पुरुष मानले जातात. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या गल्लीत शिरलो तर दोन्ही बाजूंना छतापासून भोपळे टांगलेले. ज्यांच्याकडे मी गेलो ते साठीचे कारागीर. आधी नाहीच म्हणाले. “हे आमचं काम नाही, साहेब.” मग पाठ हातात घेतली, नखाने दोनतीनदा टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाले, “बसा.”

मी त्यांना सगळे सांगितले. आयुष्यात पहिल्यांदा. हे मी पाडले, ही चीर माझी, तेव्हापासून हे बिघडले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग आरसा आणि छोटी बॅटरी आत घालून बराच वेळ पाहत राहिले. म्हणाले, “ही चीर दोन पट्ट्यांच्या सांध्यातली आहे. सांधा सुटला, लाकूड तुटलेलं नाही. सरस लावून एका रात्रीत बसला असता. हिनं आवाजाला काही झालं नाही.” आणि मग पुढची बाजू माझ्यासमोर आडवी धरून पट्टी ठेवली. “बिघडलं ते हे बघा.” घोडीच्या खाली तबली खचली होती, चांगली दोन-अडीच मिलिमीटर. मान पुढे झुकली होती. “जाड तारा लावल्या. वर्षानुवर्षं. कुणी उतरवल्या नाहीत.”

मित्रहो, हे ज्याने मला सांगितले त्याला माझा व्यवसाय माहीत नव्हता. आमचे निम्मे आयुष्य ताणाचा हिशेब करण्यात जाते. लांब जोडलेला रूळ दोन्ही टोकांना पकडलेला असतो. तापला तरी लांब होऊ शकत नाही, म्हणून आतल्या आत दाबला जातो. साठ किलोच्या रुळात तापमानाच्या एका अंशाला जवळपास दोन टनांचा जोर तयार होतो. आपल्याकडे मे महिन्यात रूळ साठ अंशांच्या पुढे जातो. वरून काही दिसत नाही, रूळ सरळच दिसतो. म्हणून आम्ही ठरलेल्या तापमानाला त्याला मोकळा करतो, डी-स्ट्रेसिंग करतो आणि पुन्हा बांधतो. मेंडोलिनवर पातळ तारा लावल्या तर आठ तारांचा मिळून ताण पन्नास-साठ किलो. जाड लावल्या की तो ऐंशीच्या घरात जातो. दोन मिलिमीटर जाडीच्या लाकडावर, रात्रंदिवस, वीस-पंचवीस वर्षे. मला हे गोंदियातच कळायला हवे होते. मी मात्र चिरेकडेच बघत होतो.

दुरुस्तीला पाच दिवस लागले. आधीच्या कुणीतरी लावलेला तो पिवळा पदार्थ गरम पाण्याने आणि सुरीच्या पाठीने कणाकणाने काढला, त्यातच एक दिवस गेला. सांध्यात सरस. तबली वाफेवर हळूहळू वर घेतली, आतून बारीक पट्टी बसवली. मान सरळ करताना त्यांनी मला बाहेर पाठवले. मी बसस्टँडवर जाऊन तीन चहा प्यायलो. परत आलो तेव्हा ते म्हणाले, “तुमचा चेहरा बघून माझा हात थरथरत होता.” चिरेची खूण मिटवू का, असे त्यांनी विचारले, पॉलिशमध्ये दिसणार नाही म्हणाले. मी नको म्हणालो. साडेचार हजार रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, “जास्तीच्या पैशांच्या पातळ तारा घ्या. आणि वाजवायचं नसेल तेव्हा अर्धा सूर उतरवून ठेवा.”

घरी आलो. महिनाभर वाजवले. आवाज कसा आहे हे मी सांगणार नाही, आता ऐकालच. लालबाजारच्या मेंडोलिनवर बसवलेली गाणी त्याच्यावर वाजवताना माझी बोटे चुकू लागली, कारण चुकीच्या जागी दाबायची सवय होती.

पण काकांना सांगायचे राहिले होते. त्यांचा पुण्याचा नंबर मिळवायला दोन दिवस लागले आणि फोन लावायला अडीच महिने. शेवटी गुढीपाडव्याला सकाळी लावला. सुनेने उचलला, त्यांच्या हातात दिला. वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. मी ओळख सांगितली, वडिलांचे नाव सांगितले, हुडको सांगितले. “अरे, तू तो बारका! आरतीत ओरडायचास तो!” मग मी सगळे सांगून टाकले. टेबल, आरती, चीर, गोंदिया, मिरज. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आले नसते.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग काका म्हणाले, “चीर? कुठली चीर?”

मी म्हणालो, “काका, ती चीर पडली म्हणूनच तुम्ही मेंडोलिन विकलं ना?”

“छे रे! पोरीला नागपूरला इंजिनीअरिंगला ॲडमिशन मिळाली होती. होस्टेलचं डिपॉझिट भरायचं होतं. बँडवाल्यानं सहाशे दिले. आधी आपल्या मंडळालाच विचारलं होतं, घेता का म्हणून. चारशे म्हणाले.”

इथे मी सभागृहाकडे पाहत नाही. त्या वर्षीच्या कार्यकारिणीतले दोघे पहिल्या रांगेत बसलेले आहेत. त्यांचा दोष नाही, त्या वर्षी मंडपाचे बिल थकले होते असे मी नंतर ऐकले.

मी म्हणालो, “काका, तीस वर्षं मला वाटत होतं...” त्यांनी वाक्य पूर्ण होऊ दिले नाही. “ते राहू दे. जवळ आहे का आत्ता? वाजव बघू.”

मोबाइल टेबलावर ठेवला, स्पीकर लावला. ते जे गाणे शेवटी नेहमी वाजवायचे तेच वाजवले. पहिले कडवे होते न होते तोच पलीकडून आवाज आला, “थांब, थांब. दुसरी जोडी उतरलीय. त्यातली आतली तार. आधी लाव, मग वाजव.”

उतरली होतीच. आमच्या हुडकोतल्या खोलीतून पुण्यापर्यंत, मोबाइलवरून, त्यांना ऐकू गेली. मला इथे बसून गेली नव्हती. तार लावली, पुन्हा पहिल्यापासून वाजवले. या वेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, “हं. मधे जरा घाई करतोस.” आणि सुनेने फोन घेतला, त्यांची गोळ्यांची वेळ झाली होती.

या वर्षी त्यांना इथे आणायचे ठरले होते, तिकीटही काढले होते. डॉक्टरांनी प्रवास नको म्हटले. म्हणून सचिवांनी मोबाइल उभा करून ठेवला आहे, आणि पलीकडे काका ऐकत बसले आहेत. त्यांना पुन्हा तेच सांगायची वेळ येऊ नये.

माझी पंधरा मिनिटे केव्हाच संपली. पेटीवाले दादा, जरा पांढरी सहा धरता का? दुसरी जोडी तपासून घेतो.